चाळीसच्या आत

आपल्या भावाला चहा उत्तम करता येतो, या एका गोष्टीने छोटीची दोन-तीन रात्री झोप उडवली होती.

छोटी म्हणजे काही लहान नव्हे. अडतीस वर्षांची, कानशिलापाशी केस पिकलेली, दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसून रोज दोनशे माणसांना रांगेत उभं करणारी बाई. पण दादा तिच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा आणि तो तिला छोटी म्हणतो, म्हणून ती छोटी. दादाचं डोकं जन्मापासून आपल्याच चालीने चालतं. घाई केली की थांबतं, ओरडलं की बंद पडतं, पण एकदा शिकलेली गोष्ट काही केल्या सोडत नाही. आई-वडील गेल्यापासून घरात दोघंच. छोटी सकाळी दवाखान्यात जायची आणि दादा नऊच्या बसने केंद्रात. तिथे त्याच्यासारखी वीस-बावीस मोठी माणसं रोजच्या जगण्यातली कामं शिकायची. कपड्यांच्या घड्या, फोनवर निरोप घेणं, रस्ता ओलांडणं, चहा करणं. दादाला तिथे नऊ वर्षं झाली होती आणि कोणाचा नळ टपकत राहिला, कोणाची चप्पल उलटी पडली, यावर त्याचं बारीक लक्ष असायचं. म्हणून केंद्रात सगळे त्याला मुकादम म्हणायचे.

घोळ घातला तो वार्षिक तपासणीने.

"पंचवीस कामं असतात," केंद्रातल्या बाई फोनवर सांगत होत्या. "स्वतः केलं तर दोन गुण, मदतीने केलं तर एक, जमलं नाही तर शून्य. एकूण पन्नास."

"माहीत आहे. गेल्या वर्षी अडतीस पडले होते. तुम्हीच टाळ्या वाजवल्या होत्या."

"तेव्हाची गोष्ट वेगळी. यंदा खात्याने नियम बदललाय. विसाच्या खाली गेला तर शिकवून उपयोग नाही म्हणून नाव काढायचं. आणि चाळीस किंवा त्याच्या वर गेला तर स्वावलंबी झाला म्हणून नाव काढायचं."

"म्हणजे शिकला नाही तरी बाहेर आणि शिकला तरी बाहेर?"

"हो."

"हा नियम ज्याने केला त्याला कोणी तपासलंय का? त्याला किती पडतील पन्नासात?"

बाई नुसत्या खाकरल्या. त्यांचा स्वभाव गरीब होता आणि पगार खात्यातून यायचा.

छोटीला लगेच आठवला तो पोस्टमन. पोस्टमन म्हणजे केंद्रातल्या चिठ्ठ्या या खोलीतून त्या खोलीत पोचवणारा दादाचा मित्र. दोन महिन्यांपूर्वी त्याला बेचाळीस पडले. खात्याने त्याला चकचकीत प्रमाणपत्र दिलं, हार घातला आणि घरी पाठवलं. तेव्हापासून तो खिडकीत बसून असतो. घरचे म्हणतात, आता चप्पल घालायलाही उठवावं लागतं. स्वावलंबी माणसाची ही गत. दादा दर रविवारी त्याच्याकडे जायचा आणि परत आल्यावर कोणाशी बोलायचा नाही.

"आपल्याकडची वीस कामं काल झाली," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तेहतीस गुण. मीच शिकवलंय हो त्याला, माझंच चुकलं. आता घरी पाच कामं, दहा गुण. शनिवारी तपासनीस तुमच्याकडे येतील. पण तुम्ही काही करू नका. नुसत्या शांत बसा. कारण घरची कामं बरीचशी तोंडी—"

"शांत बसू?" छोटी कडाडली. "नऊ वर्षं शांत बसले, आता नाही!" आणि तिने फोन आपटला. बाईंचं वाक्य तिकडेच राहिलं. ते वाक्य तिने पुरं ऐकलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण रागात फोन आपटण्याचं एक सुख असतं आणि ते अर्धवट आपटून मिळत नाही.

हिशेब सोपा होता. तेहतीस झाले होते, चाळीसला दार बंद. म्हणजे घरी सहाच्या वर जायचं नाही. दहातले चार गुण घालवायचे. छोटीने त्याच संध्याकाळी दादाला ओट्यापाशी उभं केलं आणि चुका शिकवायला घेतल्या.

"हे बघ, चहात साखर घालायचीच नाही."

"का?"

"विसरलास म्हणून."

"मी नाही विसरलो."

"विसरलास असं समज."

दादाने जरा विचार केला. "समजलो. आता आठवलं." आणि त्याने दोन चमचे साखर घातली.

"अरे देवा! बरं, साखर राहू दे. चहा गाळायचा नाही. तसाच कपात ओतायचा."

"पत्ती दातात येते."

"येऊ दे!"

"तुझ्या नाही, पाहुण्यांच्या दातात येते," दादा समजुतीने म्हणाला. "पाहुण्यांना गाळून द्यायचा. पायरी सात."

त्याच्या कमरेला एक कडी असायची आणि कडीत प्लॅस्टिक चढवलेली चित्रांची कार्डं ओवलेली. प्रत्येक कामाचं एक कार्ड, प्रत्येक कार्डावर पायऱ्या. दादा ती कडी आंघोळीपुरतीच काढायचा. दोन संध्याकाळी छोटीने घसा कोरडा केला, पण चूक म्हणून दादाकडून होईना. झालीच तर तो ती तिथल्या तिथे दुरुस्त करायचा. तेही कार्डावर होतं. शेवटी छोटी इतक्या मोठ्याने ओरडली की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी छताला झाडू ठोकला. दादाने शांतपणे कडीतलं लाल कार्ड काढून तिच्या हातात दिलं.

"राग आला तर. हात खाली. श्वास घ्या. दहा मोजा. मोज, छोटी."

छोटीने मोजले. तीनवरच तिला रडू फुटलं, पण ते रागाचंच होतं.

शनिवारी सकाळी दहाला बेल वाजली. दादा दारापाशी गेला, आतूनच कोण म्हणून विचारलं, ओळखपत्र भोकापाशी धरायला लावलं, फोटो आणि चेहरा दोनदा ताडून पाहिला आणि मगच दार उघडलं. "बूट इथे काढा," तो म्हणाला आणि ते बूट उचलून त्याने आतल्या फळीवर टाचेला टाच लावून ठेवले.

तपासनीस तिशीतला होता, गुळगुळीत दाढीचा आणि सारखा हसणारा. छोटीला त्याचं ते हसणंच डोक्यात गेलं. नाव कापायला आलेल्या माणसाने निदान तोंड तरी त्या कामाचं करून यावं.

"दार उघडणे, स्वतः," त्याने फॉर्मवर खूण केली. "अभिनंदन, ताई!"

पस्तीस, छोटीने मनात मोजलं.

"आता चहा करून दाखवा बरं, मुकादमसाहेब."

दादा ओट्याकडे गेला. छोटी सोफ्यावर हाताची घडी घालून बसली. तिला फिकीर नव्हती, कारण चहाचा डबा तिने पहाटेच कपडे धुण्याच्या मशीनमध्ये, मळक्या चादरीखाली दडवला होता. पत्ती नाही तर चहा नाही. साधा उपाय, कोणाला इजा नाही.

दादाने डब्याची जागा पाहिली. मग त्याच्या वरची फळी, मग खालची. मग कडी चाचपून एक कार्ड काढलं आणि बोट ठेवून वाचलं. "वस्तू सापडत नाही. शोधा. विचारा. छोटी, चहाचा डबा कुठे?"

"मला काय माहीत?"

दादाने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "नाही मिळाली तर शेजारी मागा," त्याने पुढची पायरी वाचली आणि तो सरळ जिना उतरून काकूंकडे गेला.

तपासनीसाचं पेन थरारलं. "ताई, हे फारच छान झालं! 'मदत मागणे' हे काम आम्ही नेहमी तोंडी घेतो. मागच्या वर्षीच्या फॉर्ममध्ये त्यांना यात शून्य आहे बघा. तेव्हा विचारलं होतं, वस्तू हरवली तर काय कराल? ते म्हणाले, हरवली नाही."

"शून्य?"

"शून्य. आता मात्र प्रत्यक्ष केलं. स्वतः. दोन गुण!"

सदतीस. छोटीच्या कानातून वाफा निघायला लागल्या. तिने स्वतःच्या हाताने त्याला दोन गुण मिळवून दिले होते. आणि आता तो पत्ती घेऊन येणार, चहा करणार आणि आणखी दोन मिळवणार. जिन्यात त्याची पावलं वाजली. तपासनीस मान खाली घालून लिहीत होता. छोटी उठली, पाणी प्यायच्या निमित्ताने ओट्याशी गेली आणि खाली वाकून गॅसचा कॉक बंद करून आली.

दादा वाटीत पत्ती घेऊन आला. पाणी मोजलं, भांडं ठेवलं, शेगडीचं बटण फिरवलं, लायटर मारला. पेटली नाही. पुन्हा मारला. तिसऱ्यांदा मारला. मग त्याने बटण बंद केलं, लायटर खाली ठेवला आणि कडीतलं पिवळं कार्ड काढलं. छोटीने ते कार्ड आजवर कधी नीट पाहिलं नव्हतं.

"तीनदा पेटलं नाही," दादा मोठ्याने वाचू लागला. "बटण बंद. खिडक्या उघडा. सगळ्यांना घेऊन बाहेर जा."

"अरे थांब, काही झालेलं नाहीये—"

"सगळ्यांना," दादा म्हणाला. त्याने खिडक्या सताड उघडल्या, एका हाताने छोटीला धरलं, दुसऱ्याने तपासनीसाला आणि दोघांना दाराबाहेर काढलं. उघड्या खिडक्यांतून वारा भणाणत आला आणि मागे दार धाडकन लागलं. दाराला लॅच होतं. तपासनीसाचे बूट, बॅग आणि फोन आत राहिले. फॉर्म तेवढा त्याने छातीशी धरून ठेवला होता.

पुढची दहा मिनिटं छोटीने आयुष्यभर विसरायचा प्रयत्न केला तरी विसरणार नाही. दादाने चारही मजल्यांवरचं प्रत्येक दार वाजवलं. ओरडला नाही, धावला नाही. प्रत्येक दारी एकच वाक्य. "गॅस पेटत नाही, खाली चला, लिफ्ट नको." माणसं भराभर उतरली. एकजण अर्धी दाढी करून, एक बाई केसांना रंग लावून डोक्यावर पिशवी बांधून, वरचे आजोबा खुर्चीसकट, कारण दादाने त्यांच्यासाठी खुर्चीही उचलून आणली होती. अंगणात कोणीतरी नुकतीच गाडी धुतली होती आणि तपासनीस त्या पाण्यात नुसत्या मोज्यांवर उभा होता. प्रथमच तो हसत नव्हता. तेवढंच छोटीला बरं वाटलं.

"सतरा," दादाने सगळ्यांना मोजलं. "काकू, तुमच्याकडे आमची किल्ली आहे. रखवालदारकाकांना द्या. ते बघतील. बाकी कोणी आत जायचं नाही."

"मला माझे बूट हवेत," तपासनीस म्हणाला.

"बूट नंतर. माणसं आधी," दादा म्हणाला.

काकूंच्या कनवटीला किल्ल्यांचा जुडगा कायमचा असायचा. रखवालदार किल्ली घेऊन वर गेला आणि पाच मिनिटांत परत आला.

"काही नाही. ओट्याखालचा कॉक कोणीतरी बंद केलाय. मी चालू करून आलो. शेगडी झकास पेटते."

मग काकू म्हणाल्या, "मुकादम तर कॉकला हात लावत नाही. त्याला सांगितलंय तसं." आणि सोळा माणसं एकदम छोटीकडे वळली. सतरावा, दादा, आधीपासूनच तिच्याकडे पाहत होता.

"हो! मीच बंद केला!" छोटीचा बांध फुटला. "चहाचा डबाही मीच लपवला. काय करू मग? हा माणूस माझ्या भावाचं नाव कापायला आलाय. का, तर तो शिकला! पोरगं चालायला लागलं म्हणून त्याची जमीन काढून घेता? त्याचे मित्र तिथे आहेत, त्याचं काम तिथे आहे, त्याला मुकादम म्हणणारी माणसं तिथे आहेत. घरात बसवून त्याला काय स्वावलंबी करणार? खिडकीत बसायला शिकवणार?"

"ताई, नियम आहे," तपासनीस ओले मोजे एकमेकांवर घासत म्हणाला.

"घाला तो नियम चुलीत!"

"आणि खरं सांगायचं तर," त्याने फॉर्म उलटला, "धोका ओळखणे हेही काम आम्ही तोंडीच घेतो. गेल्या वर्षी त्यांना विचारलं होतं, आग लागली तर? ते म्हणाले, कुठंय, दाखवा. त्यातही शून्य होतं. यंदाही तेच झालं असतं." त्याने खूण केली. "पण आता पालकांचा अडथळा असताना सतरा माणसं सुखरूप बाहेर काढली. स्वतः. एकोणचाळीस."

बाईंचं अर्धवट राहिलेलं वाक्य छोटीला आता पुरं ऐकू आलं. नुसतं शांत बसायचं होतं. तिने काही केलं नसतं तर दादा आपोआप चाळीसच्या आत राहिला असता. करायला गेले एक आणि झाले भलतेच म्हणतात ते हेच. तिला आता सर्वात जास्त राग स्वतःचा आला, आणि स्वतःवर ओरडून भागत नाही ही त्यातली अडचण.

"चहा राहिलाय," दादा म्हणाला आणि जिना चढू लागला.

वर आल्यावर त्याने छोटीकडे पाहिलंसुद्धा नाही. पाणी पुन्हा मोजलं. शेगडी पहिल्या झटक्याला पेटली. छोटी त्याच्या शेजारीच उभी होती. एकोणचाळीस झाले होते. कोपराचा एक धक्का पुरे होता. भांडं कलंडलं असतं, चहा सांडला असता आणि सोमवारी दादा नऊच्या बसमध्ये असता. तपासनीस दारातच बूट चढवत होता, त्याला दिसलंही नसतं. छोटीने कोपर उचललं. दादा ओठ हलवत पायऱ्या म्हणत होता. सहा, उकळी. सात, गाळणी. एक थेंबही बाहेर सांडला नाही. हे शिकायला त्याला दोन वर्षं लागली होती आणि त्या दोन वर्षांत तिने स्वतः घरी किती कप कडूजहर चहा मुकाट्याने प्यायला होता! छोटीने कोपर खाली घेतलं आणि त्याला कपांची ताटली सरकवून दिली.

तपासनीसाने घोट घेतला. "वा! चहा करणे, स्वतः. एक्केचाळीस! आता पाचवं काम घ्यायचीही गरज नाही. अभिनंदन, मुकादमसाहेब, तुम्ही आजपासून स्वावलंबी!" आणि फॉर्मचं शेवटचं पान पुढे केलं. "इथे सही."

छोटीचा हात सवयीने पेनाकडे गेला. वीस वर्षं दादाच्या सगळ्या कागदांवर तीच सही करत आली होती.

"नाही, ताई. स्वावलंबी व्यक्तीच्या फॉर्मवर तिची स्वतःचीच सही लागते. पालकांची चालत नाही."

दादा पेन घेऊन खुर्चीवर बसला. कडीतलं निळं कार्ड काढलं. "कागद वाचा. समजलं नाही तर विचारा," तो पुटपुटला आणि बोट ठेवून वाचू लागला. बराच वेळ लागला. तपासनीसाने दोनदा घड्याळ पाहिलं. "मला केंद्राची गरज नाही," दादाने वाचलं. "म्हणजे सोमवारी जायचं नाही?"

"नाही. सुट्टी!"

"मंगळवारी?"

"आता कधीच नाही. तुम्ही जिंकलात!"

"पोस्टमनसारखं?"

तपासनीसाला पोस्टमन कोण ते ठाऊक नव्हतं, पण तो हसून हो म्हणाला. दादाने निळं कार्ड उलटलं. मागे एकच पायरी होती. बाई ती त्याला वर्षभर शिकवत होत्या आणि ती काही केल्या जमत नव्हती, कारण दादा आजवर कोणाला, कशालाही हो म्हणायचा.

"नको असेल तर नाही म्हणा," त्याने वाचलं. पेनाला टोपण लावलं. पेन टेबलावर ठेवलं. "नाही."

"नाही काय?"

"नाही. सही नाही."

तपासनीसाने आधी समजावलं, मग गोड बोलला, मग आवाज चढवला. दादाने त्याला लाल कार्ड दिलं. "दहा मोजा."

"ताई, तुम्ही तरी सांगा याला!"

"मी कशी सांगणार?" छोटी म्हणाली, आणि तीन दिवसांत प्रथमच तिला मनापासून गोड बोलता आलं. "तो स्वावलंबी आहे ना? आणि हो, फॉर्मवर बघा, 'नाही म्हणणे' हेच ते राहिलेलं पाचवं काम आहे. त्याचे दोन गुण लिहा. त्रेचाळीस. कापू नका हं, त्याच्या हक्काचे आहेत."

तपासनीसाने लिहिले. लिहावेच लागले. "पण सही नसेल तर फॉर्म अपूर्ण," तो कपाळावर आठ्या घालून म्हणाला. "अपूर्ण फॉर्म दाखल होत नाही. मग मागच्या वर्षीचाच निकाल पुढे चालू."

"म्हणजे अडतीस," छोटी म्हणाली.

"अडतीस," तपासनीस दात आवळून म्हणाला. "पुढच्या वर्षी येईन मी परत."

"या," दादा म्हणाला. "बूट काढून या."

दार लागलं. छोटीला हसावं, रडावं की दादाला मिठी मारावी, कळेना. ती हात पसरून पुढे झाली तर दादा भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याच्या मुठी वळलेल्या होत्या आणि ओठ हलत होते. आठ. नऊ. दहा. मग तो वळला.

"दहा झाले," तो म्हणाला. "अजून राग आहे."

"कोणाचा, दादा?"

"तुझा. तू डबा लपवलास. मला वाटलं, मी विसरलो जागा." त्याचा आवाज फुटला. "मी नाही विसरलो. तू लपवलास."

केसपेपरच्या खिडकीवर कधी गप्प न बसलेली बाई मान खाली घालून उभी राहिली. दादाने खणातून कोरा पुठ्ठा काढला, पेन्सिल घेतली आणि जीभ दातांत धरून कार्ड बनवायला घेतलं. चित्र चहाच्या डब्याचं होतं, झाकणासकट. खाली पायऱ्या लिहिल्या. एक, डबा काढा. दोन, जागेवर ठेवा. तीन, लपवू नका.

"कर," तो म्हणाला.

छोटीने मशीन उघडलं, मळक्या चादरीखालून डबा काढला, पदराने पुसला आणि फळीवर ठेवला. दादाने पाहिलं. पुढे होऊन डबा बोटभर डावीकडे सरकवला, चित्र समोर येईल असा फिरवला आणि मगच पेन्सिल उचलली. छोटीने त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. स्वतः, मदतीने, जमत नाही. तीन चौकोन त्याने नीट आखले होते आणि खूण मधल्यावर केली होती.

"मदतीने?" छोटी उसळली. "अरे, पाहिलंस ना, मीच ठेवला!"

"मी सरकवला," दादा म्हणाला. "एक गुण. पुढच्या वर्षी परत बघू."

छोटीने वाद घातला नाही. मदतीने म्हणजे नाव यादीत राहतं, हे तिला आता पक्कं पाठ झालं होतं.